व्याह्यांची मोटर आणि एक माप जास्त

जगातला एकही डाग आपल्यापुढे टिकत नाही, असं कडकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असत. शाईचा आणा, रंगाचा आणा, गंजाचा आणा, ग्रीसचा आणा! दुकानावर पाटी होती 'कडक इस्त्री लॉन्ड्री', आणि त्या पाटीवरूनच सगळी गल्ली त्यांना कडकराव म्हणायची. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस मनानं मऊ, कामाला वाघ, आणि स्वतःच्या हुशारीवर विश्वास तर इतका की विचारू नका. कुणी काही काम सांगितलं की आधी ते काम करायचं आणि मग त्यात आपल्या पदरची एक सुधारणा घालायची, ही त्यांची खोड. सुधारणा घातल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

तर हे कडकराव एका रविवारी सकाळी बायकोला घेऊन समुद्रावर फेरफटका मारून आले. होडी व्याह्यांची, आणि होडीची मोटरही व्याह्यांचीच.

आता ही मोटर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. होडीच्या मागच्या फळीला ती दोन स्क्रूंनी आवळून बसवायची असते. वर डोकं, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. काम झालं की सोडवायची आणि खांद्यावर टाकून घरी न्यायची. व्याही म्हणजे लेकीचे सासरे. बंदरातल्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. ही मोटर त्यांनी सख्ख्या भावाला दिली नव्हती. भाऊ मागायला आला तेव्हा त्याला होडी दिली, वल्ही दिली, वर पोटभर जेवायला घातलं, पण मोटर दिली नाही.

मग ती कडकरावांना कशी मिळाली? लेकीमुळे. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, पण नवीन सून ती नवीन सून. तिच्या शब्दाला त्या घरात वजन यायला अजून वेळ होता. बाबांच्या मनात आईला एकदा समुद्रावर न्यायचं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि बाबा स्वतःहून व्याह्यांकडे काही मागणार नाहीत हेही ठाऊक होतं. शेवटी एके दिवशी धीर करून तीच सासऱ्यांना म्हणाली, की माझ्या माहेरी दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त जपतात, मी शब्द देते. सासरे उठले आणि त्यांनी मोटरवर घातलेलं फडकं काढलं. त्या घरात तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. पोरीला इतका आनंद झाला की आईला फोनवर सांगताना तिच्या तोंडून धड शब्द फुटेना.

अट एकच. समुद्रातून आल्यावर मोटर गोड्या पाण्यात उभी करून दहा मिनिटं चालवायची. मोटर चालताना समुद्राचं पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवते आणि मागच्या एका बारीक भोकातून ते बाहेर सोडते. पाणी जातं, पण मीठ मागे राहतं, आणि मग मोटर आतल्या आत गंजत बसते. गोडं पाणी फिरलं की मीठ निघून गेलं. बस्स. यात कुणाला काही सुधारायला जागा आहे, असं तुम्हाआम्हाला वाटणार नाही.

समुद्रावर, सांगायला आनंद वाटतो, काहीही झालं नाही! मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. वारा छान होता, लाटा बेताच्या होत्या, आणि बायकोनं तर चक्क नवऱ्याचं कौतुक केलं. घात झाला तो तिथंच. सगळं सुरळीत पार पडलं की कडकरावांना वाटू लागायचं, हे आपल्याला जन्मापासूनच येतं आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी मोटर अंगणात आणली. दुकानाच्या बाजूलाच अंगण, अंगणाला खांद्याएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे गल्ली. अंगणाच्या मधोमध कपडे भिजवायचा सिमेंटचा हौद होता, म्हणजे पाण्याची चिंता नव्हती. कडकरावांनी हौदाच्या काठाला जाड फळी आवळून बांधली, फळीला मोटर बसवली, पंखा पाण्यात बुडला की नाही ते वाकून पाहिलं. पेट्रोलचा डबा तेवढा लांब ठेवावा लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पेट्रोल ठेवायला बायकोनं साफ नकार दिला होता. म्हणून डबा बाजूच्या बोळात पायरीवर, आणि तिथून मोटरपर्यंत त्याची लांबलचक नळी. दोऱ्यांवर दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट वाळत होते. सगळं कसं नीटनेटकं होतं.

आणि मग कडकरावांनी मोटरच्या त्या बारीक भोकाला बोट लावून पाहिलं. बोटाला काळपट, मेणचट काहीतरी लागलं.

आता तुम्ही असता तर बोट पुसून टाकलं असतं. पण कडकराव लॉन्ड्रीवाले! त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. मीठ पाण्यानं जाईल, मान्य. घामाचंही मीठ पाण्यानं जातं. पण ही मेणचट घाण? बाहेर एवढी, तर आत किती असेल? जन्मभर व्याही हिला नुसत्या पाण्यात खळबळवत आले. बिचाऱ्यांचा तो विषय नाही, त्यांना कोण सांगणार? दुकानात कडकरावांची स्वतःची पूड होती. त्यांनी स्वतः शोधलेली, स्वतः कालवलेली, बादलीला एक माप घातलं की ग्रीसनं माखलेला डगला नवरदेवाच्या अंगावर घालावा असा निघायचा. हौदात बादल्या किती मावतात ते त्यांना पाठ होतं. त्या हिशेबानं त्यांनी मापं घातली, पाणी ढवळलं, आणि व्याह्यांचं काम म्हणून वर एक माप जास्त घातलं.

दोरी ओढली. मोटर सुरू झाली. भोकातून पाण्याची सरळ धार पडू लागली. कडकरावांनी कमरेवर हात ठेवून समाधानानं मान हलवली.

एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती. या मोटरचा धूर वरून निघत नाही, खालून पंख्याच्या मधून, थेट पाण्यात निघतो. पाण्याखाली जोरजोरात फुंकर घालत राहणारी वस्तू त्यांनी साबणाच्या हौदात उभी केली होती. लहानपणी आपण पेल्यात नळी घालून फुंकर मारायचो आणि आईचा धपाटा खायचो, तोच प्रकार. फरक इतकाच की हिला दम लागत नव्हता.

फेस आला. आधी हौदाच्या काठापर्यंत आला, मग काठावर दाटला. कडकरावांना अतिशय आनंद झाला! इतका दाट फेस त्यांनी इतक्या वर्षांच्या धंद्यात पाहिला नव्हता. त्यांनी बायकोला खिडकीत बोलावलं. तिनं पाहिलं आणि विचारलं, की मोटरला साबण लावतात का? कडकराव म्हणाले, लावत नाहीत म्हणूनच तर गंजतात. बायको मोटर न्यायला यायच्या व्याह्यांसाठी चहाचं आधण ठेवायला वळली, आणि जाता जाता म्हणाली, की माझं काही नाही, पण लेकीनं शब्द दिलाय एवढं लक्षात असू द्या.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. मोटर चालूच ठेवून कडकराव आत गेले. फोन गल्लीकडच्या टोकाला, म्हणजे अंगणाच्या काचेच्या दाराकडे त्यांची पाठ. फोन लेकीचा होता. मोटर धुतली का, असं तिनं विचारलं. चालू आहे, फर्स्ट क्लास, असं यांनी सांगितलं. धार पडते आहे ना? पडते आहे म्हणजे, बघत राहावी अशी! मग लेकीनं आवाज जरा हळू केला.

"बाबा, त्यात साबण वगैरे नाही ना घातलात?"

कडकरावांनी सहज मागे वळून पाहिलं. काचेच्या दाराबाहेर फेस उभा होता, अगदी कडीपर्यंत. दार उघडण्याची वाट बघत थांबलेल्या पाहुण्यासारखा.

"साबण?" कडकराव म्हणाले. "छे गं. साबण कशाला घालू?"

"मी तेच म्हटलं. मामंजी आत्ताच म्हणाले, लॉन्ड्रीवाले आहेत, साबण घातल्याशिवाय राहायचे नाहीत. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझे बाबा असं मुळीच करणार नाहीत. आम्ही निघालोच आहोत हं, मोटर न्यायला."

कडकरावांनी फोन ठेवला. लेक निघाली होती. सासऱ्यांना घेऊन निघाली होती. साऱ्या सासरकडच्यांसमोर छातीठोकपणे सांगून निघाली होती! आणि इकडे आपण तिच्याशी धडधडीत खोटं बोललो. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठं होता? आधी मोटर बंद करायला हवी. त्यांनी दार उघडलं.

ही त्या दिवसातली दुसरी चूक. फेस जो आत आला तो थेट काउंटरपर्यंत. इस्त्री करून ठेवलेल्या शर्टांची सगळ्यात खालची रांग दिसेनाशी झाली. कडकराव छातीएवढ्या फेसातून वाट काढत अंगणात घुसले. दोरीवरचे डॉक्टरांचे कोट कमरेपर्यंत बुडाले होते. सगळे डॉक्टर मिळून पूर पार करत आहेत असं वाटत होतं. मोटरचा आवाज येत होता, पण तो चारी बाजूंनी येत होता. हौद कुठं आणि भिंत कुठं, काही पत्ता लागेना. कडकरावांना गुडघ्यानं हौद सापडला, तो चांगलाच जोरात सापडला. मग त्यांनी हातांनी चाचपायला सुरुवात केली. बंद करायचं बटण अमुक ठिकाणी असतं एवढं आठवत होतं, पण बोटं साबणानं अशी बुळबुळीत झाली होती की काही धरता येईना. एक दांडी हाताला लागली. हाच तो खटका, असं म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली.

तो गिअर होता.

आत्तापर्यंत मोटर नुसती जागच्या जागी चालत होती. आता पंखा फिरला! हौदातलं साबणाचं पाणी घुसळून निघालं, समोरच्या काठावर आदळलं, तिथून उडालं आणि भिंतीवरून गल्लीत जाऊन पडलं. त्याच्या मागोमाग फेस. ढीगच्या ढीग फेस भिंत ओलांडून गल्लीत उतरायला लागला.

समोर सलून होतं. सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून वस्तरा उघडत होता. त्यानं आरशात पाहिलं तर मागे सगळी गल्ली पांढरी, आणि त्यातून निळा धूर वर येतोय. सलूनवाला विचार फार करायचा नाही. त्यानं सरळ फायर ब्रिगेडला फोन लावला आणि सांगितलं की लॉन्ड्री पेटली, मालक आत आहे. मग गिऱ्हाईक आणि तो, दोघेही मदतीला धावले.

इकडे कडकरावांची बायको पाण्याची कळशी घेऊन अंगणाच्या फाटकाशी आली होती. आत नवऱ्याला हाका मारत होती आणि आतून "आलो, आलो" एवढंच ऐकू येत होतं. तितक्यात समोरून एक माणूस आला. त्याच्या तोंडभर फेस! बिचारा आमच्या हौदाच्या फेसात सापडला, डोळ्यांत साबण गेला असणार, असं वाटून तिनं कळशीतलं निम्मं पाणी त्याच्या तोंडावर ओतलं आणि पदरानं त्याचा चेहरा खसाखसा पुसून दिला. ते सलूनचं गिऱ्हाईक होतं. दाढीसाठी फासलेला साबण घेऊन तो मदतीला आला होता. आता पाणी टपटपत, अर्धवट पुसलेल्या तोंडानं तो सलूनवाल्याकडे बघू लागला. सलूनवाला म्हणाला, की असू दे, पुन्हा लावू.

फायर ब्रिगेडचा बंब घंटा वाजवत आला आणि गल्लीच्या तोंडाशी थबकला. बंबाचे साहेब खाली उतरले. त्यांनी फेसाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या आधी कुठली गाडी येऊन गेली, असं त्यांनी सलूनवाल्याला विचारलं. कुठलीच नाही, असं तो म्हणाला. मग हा फेस कुणी मारला? आग विझवायचा फेस आमच्याशिवाय मारायची परवानगी कुणाला आहे? सलूनवाल्याला वाटलं, परवानगीचं प्रकरण आहे, आपण कशाला अंगावर घ्यायचं. तो म्हणाला, की मला काही माहीत नाही, मी नुसता केस कापतो.

आग दिसत नव्हती, पण धूर होता. म्हणून साहेबांनी पाणी सोडायला सांगितलं. फेस वाहून जाईल, मग खाली काय पेटलंय ते दिसेल, असा त्यांचा विचार होता. दिसायला विचार बरोबर होता. पण कडकरावांची पूड अशी की तिला जोरात पाणी मिळालं की ती दुप्पट खुलायची, आणि ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे. पाण्याचा झोत भिंतीवरून हौदात पडला आणि फेस दोऱ्यांच्या वर गेला. डॉक्टर सगळेच्या सगळे बुडाले. फेसातून कडकरावांचा आवाज आला, की पाणी बंद करा. साहेब म्हणाले, आग विझल्याशिवाय बंद करता येत नाही. कडकराव म्हणाले, आग लागलेलीच नाही. साहेब म्हणाले, मग लेखी द्या.

हे असं चाललेलं असताना कडकरावांच्या बायकोनं कळशी खाली ठेवली. गडबड नाही, आरडाओरडा नाही. ती बाजूच्या बोळात गेली. पायरीवर पेट्रोलचा डबा होता तसा कोरडा ठाक उभा होता. तिनं डब्यातून निघणारी नळी धरली आणि उपटून काढली. मोटर थोडा वेळ चालली, खोकली, दोनदा अडखळली आणि गप्प झाली. सगळी गल्लीच एकदम गप्प झाली. फेसाचे बुडबुडे फुटल्याचा चुरचुर आवाज तेवढा येत राहिला.

आणि त्या शांततेत फाटकाशी लेक उभी होती. शेजारी व्याही.

फेस हळूहळू बसत चालला होता. त्यातून आधी हौद दिसला, मग मोटर, मग कडकराव. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. व्याह्यांनी बंब पाहिला, पाण्याचे पाइप पाहिले, हेल्मेट घातलेली माणसं पाहिली. त्यांना जे वाटायचं तेच वाटलं. ते घाईघाईनं पुढे आले आणि म्हणाले, "आग लागली होती का? कुणाला भाजलं वगैरे नाही ना?"

आता बघा, नशीब कसं हात पुढे करून उभं राहतं! फेस आग विझवायचा, तो मारला फायर ब्रिगेडनं, असंच दिसत होतं. कडकरावांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. बंबाचे साहेबसुद्धा काही बोलले नसते, कारण आलोय तर आग असलेली त्यांनाही हवीच होती. कडकरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर लेकीकडे गेली. ती बाबांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघून कडकरावांच्या ओठांवर आलेलं 'हो' परत आत गेलं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवरून ती प्रेक्षकांत बाबांना शोधायची, तेव्हा अशीच बघायची.

"आग नाही, व्याहीबुवा," कडकराव म्हणाले. "साबण आहे. मी घातला. वर एक माप जास्त घातलं. हिनं फोनवर विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं, तेही खोटं. ती तुम्हाला जे बोलली ते माझ्यावर विश्वास ठेवून बोलली. तिचा शब्द मी घालवला, तिला बोल लावू नका."

एवढं बोलून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला असेल, असं ते नंतर म्हणायचे, पण ते खरं नाही.

व्याह्यांनी विजारीचे पाय दुमडले, फेसातून चालत हौदापाशी गेले, आणि मोटरच्या डोक्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्यांनी बंबाच्या साहेबांना विचारलं, की तुमच्याकडे गोडं पाणी आहे का? साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं होतं. ते हरखून म्हणाले, की टाकी भरून आहे! हौद रिकामा केला, विसळला, पुन्हा विसळला, आणि पाइपानं काठोकाठ भरला. व्याह्यांनी नळी जोडायला सांगितली, गिअर जागेवर आणला आणि दोरी ओढली. एकदा. दोनदा. लेकीनं आईचा हात घट्ट धरला. तिसऱ्यांदा मोटर सुरू झाली.

पण भोकातून काही येईना. सगळे श्वास रोखून त्या एवढ्याशा भोकाकडे बघत होते. फायर ब्रिगेडची माणसं, सलूनवाला, पुन्हा साबण फासून आलेलं ते गिऱ्हाईक, सगळे. मग भोकातून एक बुडबुडा निघाला. चांगला लिंबाएवढा झाला, सुटला, आणि उन्हात चमकत व्याह्यांच्या नाकासमोरून वर गेला. मागून दुसरा निघाला. मग तिसरा. गिऱ्हाइकाला हसू आवरेना, पण व्याह्यांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. आणि मग फुर्रकन थोडं पाणी आलं, पुन्हा थांबलं, आणि एकदाची धार लागली! सरळ, स्वच्छ, न तुटणारी धार. बंबाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, पण आनंदाचं काहीतरी झालं एवढं कळलं होतं.

व्याह्यांनी धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. तोंड किंचित वाकडं झालं. थुंकले. पुन्हा बोट धरलं, पुन्हा जिभेला लावलं. असं दहा मिनिटं चाललं. कडकराव समोर उभे, अंगावरचा फेस वाळून पापड झालेला. हात जोडावेत की कपाळाला लावावेत हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेवटी व्याह्यांनी मोटर बंद केली, रुमालाला बोट पुसलं आणि विचारलं, "मघाशी बंद कुणी केली?"

कडकरावांनी बायकोकडे बोट दाखवलं. व्याह्यांनी तिला विचारलं, की तुम्हाला हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, की शिकवायचं काय त्यात, पेट्रोल मिळालं नाही की चालणार कशी? ही सगळी मंडळी बटण शोधत बसली होती, डबा आपला पायरीवर होता.

व्याह्यांनी मान डोलावली. मग इतक्या महिन्यांत कुणी ऐकलं नसेल इतकं ते एका दमात बोलले. मोटर पाण्याऐवजी फेस ओढत होती. फेसानं ती गार होत नाही. आणखी थोडा वेळ चालली असती तर आतून भाजून निघाली असती, आणि मग ती इथून थेट भंगारात न्यावी लागली असती. वेळेवर बंद झाली म्हणून वाचली. आत मीठ नाही. मेणचट घाणही नाही, ती गेली हे मान्य करायला हवं. यावर कडकरावांचा चेहरा जरासा खुलला, पण बायकोनं डोळे वटारले तसा तो पुन्हा मिटला.

लेक अजून खाली मान घालून उभी होती. व्याही तिच्यापाशी गेले. ते तिच्याशी बोलताना नेहमी दुसरीकडे बघून बोलायचे, तसे नाही. सरळ तिच्याकडे बघून, आणि शपथेवर सांगतो, हसून!

"सूनबाई, तू म्हणालीस तुझ्या माहेरी वस्तू जपतात. अगदी बरोबर म्हणालीस. तुझा शब्द खरा. फक्त माणूस तेवढा चुकीचा सांगितलास."

आणि त्यांनी मोटर सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि कडकरावांच्या बायकोपुढे ठेवली. "विहीणबाई, ही इथंच राहू द्या. होडी किनाऱ्यावर असतेच. वाटेल तेव्हा न्या."

लेकीनं आधी आईला मिठी मारली. मग बाबांना मारली, आणि तिचीही साडी समोरून पांढरी झाली.

तेव्हापासून दर रविवारी होडी समुद्रावर जाते. मोटरपाशी कडकरावांची बायको बसते. कडकराव पुढे बसतात, तिच्या चपला आणि पिशवी मांडीवर सांभाळत. लॉन्ड्रीत जाऊन विचाराल तर ते आजही मोठ्या अभिमानानं सांगतील, की सख्ख्या भावाला दिली नाही ती मोटर व्याह्यांनी आमच्या घरी कायमची ठेवली. आमच्या घरी म्हणजे नेमकी कुणाकडे, ते मात्र तुम्ही खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत.